ॲडमिट केलेल्या मुलाचा डॉक्टर नेमका कोण, आपला नेहमीचा की हॉस्पिटलमधला?

घणसोलीकरीण:

नमस्कार. आठवडाभर मनात घोळतंय, म्हणून इथे विचारते.

माझी मुलगी साडेपाच वर्षांची, वजन १७ किलो. गणपती उठले त्याच्या पुढच्या सोमवारी तिला ताप भरला. आमचे मुलांचे डॉक्टर कोपरखैरण्याला बसतात. ती तीन दिवसांची होती तेव्हापासून आम्ही त्यांच्याकडेच जातो. बुधवारी त्यांनी रक्त तपासायला सांगितलं, डेंग्यूची एनएस वन पॉझिटिव्ह आली. गुरुवारी उलट्या थांबेनात, पाण्याचा घोटही पोटात ठरेना, तेव्हा ते म्हणाले, ॲडमिट करा, मी तिथे व्हिजिटला येतो.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. वॉर्डात गेल्यावर कळलं की तिथे दुसऱ्याच एक मॅडम आहेत, इनहाऊस पीडियाट्रिशियन, म्हणजे हॉस्पिटलच्याच बालरोगतज्ज्ञ. वयाने तरुण. त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं. ताप कुठल्या दिवशी, किती वाजता आला, शेवटची लघवी कधी झाली, पोटात कुठे दुखतं. मी म्हटलं, आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीत सगळं लिहून दिलंय. त्या म्हणाल्या, चिठ्ठी वाचली मी, तरी तुमच्या तोंडून ऐकायचंय.

शुक्रवारी सकाळी ताप उतरला. मी सासूबाईंना फोन करून देवाजवळ दिवा लावायला सांगितलं. आमचे डॉक्टर रात्री साडेनऊला दवाखाना आटोपून आले, पाच-सात मिनिटं थांबले, पोट दाबून पाहिलं, म्हणाले, मॅडमशी बोललोय, त्या बघतायत. आणि नेमकी त्याच रात्री सगळी धावपळ. मॅडम अकराला आल्या, दीडला आल्या, चारला आल्या. दर वेळी नाडी, बीपी, बोटाचं नख दाबून बघणं. दीड वाजता परत रक्त काढलं. पोरगी अशी किंचाळली की शेजारच्या बेडवरचं बाळ उठलं. मी चिडले. ताप गेलाय, सकाळी प्लेटलेट ६२ हजार होत्या, मग आता मध्यरात्री कशाला टोचताय? त्या म्हणाल्या, पीसीव्ही ३५ होता तो ४२ झालाय, पोटही दुखतंय, सलाईन वाढवायला हवं. मला त्यातलं काहीच कळलं नाही. मी तेव्हाच आमच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी उचलला. म्हणाले, त्या सांगतायत तसं करू द्या.

सोमवारी घरी आलो. मुलगी बरी आहे, खाते आहे. बिलात दोघांच्याही व्हिजिट आहेत. नवरा म्हणतो, दोन-दोन डॉक्टरांचे पैसे कशाला. नणंद म्हणते, आपला माणूस असताना पोरीला परक्याच्या हातात का दिलीस. मला पैशांचं तेवढं नाही, पण नणंदेचं वाक्य टोचलंय. त्या चार दिवसांत माझ्या मुलीचा डॉक्टर कोण होता? निर्णय कोण घेत होतं? आणि माझा धाकटा दहा महिन्यांचा आहे. उद्या त्याला न्यायची वेळ आली तर हॉस्पिटल काय बघून निवडायचं?

मानपाड्याचा बाबा:

ताई, मुलगी बरी आहे हे वाचून बरं वाटलं.

आमचा अनुभव उलटा आहे. मुलगी तीन वर्षांची असताना जानेवारीत तिला दम लागला. घराजवळच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये ठेवलं. ओळखीचे डॉक्टर सकाळी येऊन गेले. रात्री फक्त आरएमओ, म्हणजे हॉस्पिटलचा निवासी ड्युटी डॉक्टर. माणूस भला होता, झोपला नाही, पण लहान मुलांचं काम त्याने केलेलं नव्हतं. दर वीस मिनिटांनी डॉक्टरांना फोन करून विचारायचा, वाफ देऊ का, ऑक्सिजन किती ठेवू. पहाटे तीनला तिच्या बरगड्यांखालची कातडी आत ओढली जायला लागली. डॉक्टर येईपर्यंत चाळीस मिनिटं गेली. आल्या आल्या त्यांनी सांगितलं, मोठ्या हॉस्पिटलला हलवा. माजिवड्याच्या पुलावरून जाताना ती ॲम्ब्युलन्समध्ये माझं बोट धरून होती, ते अजून आठवतं.

दुसऱ्या ठिकाणी पहाटे चारला बालरोगतज्ज्ञ जागे होते, दारातच. त्यांनी आधी घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट तिचे श्वास मोजले, मग स्टेथोस्कोप काढला. मला त्या एका मिनिटात धीर आला.

तेव्हापासून मी काउंटरवर एकच विचारतो. रात्री मुलांचा डॉक्टर इमारतीत असतो की फोनवर? गोलगोल उत्तर आलं तर मी मुलीला घेऊन पुढच्या हॉस्पिटलला जातो.

रात्रपाळी:

ताई, मी ठाण्यात घोडबंदर रोडच्या एका हॉस्पिटलमध्ये तुमच्या त्या मॅडमचंच काम करते. आठ वर्षं झाली. तुमच्या मुलीची फाईल मी पाहिलेली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल निदान करत नाही. पण तुम्ही लिहिलेल्या रात्रीसारख्या रात्री मी खूप काढल्या आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तो पीसीव्ही. रक्तात लाल पेशींचा भाग किती, हे तो आकडा सांगतो. डेंग्यूत काही मुलांच्या रक्तवाहिन्यांतून पातळ पाणी बाहेर झिरपतं, पोटात नि छातीत साठतं, आणि वाहिन्यांत उरलेलं रक्त दाट होतं. दाट झालं की पीसीव्ही चढतो. ३५ चा ४२ म्हणजे २० टक्के वाढ. त्यात पोटदुखी. हे सगळं बहुधा ताप उतरताना सुरू होतं, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात. तुमचा शुक्रवार म्हणजे पाचवा दिवस. घरचे लोक दिवा लावतात तेव्हाच वॉर्डातल्या डॉक्टरचं काळीज धडधडायला लागतं. प्लेटलेटच्या आकड्याकडे सगळे नातेवाईक बघतात, मी त्या वेळी नाडी, बीपीच्या वरच्या-खालच्या आकड्यांमधलं अंतर, हातपाय गार आहेत का आणि लघवी किती झाली हे बघते.

आता सलाईन. निरोगी मुलाला दिवसाला किती पाणी लागतं याचं सूत्र हॉलिडे आणि सेगार या दोघांनी १९५७ साली मांडलं, आजही आम्ही तेच वापरतो. पहिल्या १० किलोंना किलोमागे १०० मिली, पुढच्या १० किलोंना ५०. तुमच्या १७ किलोच्या मुलीला १००० अधिक ३५०, म्हणजे १३५० मिली, तासाला साधारण ५६. डेंग्यूत पाणी झिरपायला लागलं की हे पुरत नाही. मग किलोमागे तासाला ५ ते ७ मिलीपासून सुरुवात करतात. १७ किलोला ८५ ते १२० मिली. एक-दोन तासांनी परत बघायचं, सुधारली तर कमी करायचं, परत बघायचं. झिरपणं २४ ते ४८ तासांत थांबतं, आणि बाहेर गेलेलं पाणी रक्तात परत येतं. तेव्हाही सलाईन जोरात चालू राहिलं तर फुफ्फुसात पाणी भरतं, मूल धापा टाकायला लागतं. कमी दिलं तर शॉक, म्हणजे शरीराला रक्त पुरेनासं होतं, जास्त दिलं तर हे. म्हणून अकरा, दीड आणि चार. दवाखान्यात चाळीस पेशंट बसलेल्या माणसाला हे कितीही हुशार असला तरी फोनवरून जमणार नाही. बेडपाशी उभं राहून, तोच हात तीन वेळा हातात घेऊनच ते कळतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की त्या रात्री तुमच्या मुलीचा डॉक्टर त्या मॅडम होत्या, आणि तुमच्या डॉक्टरांनी हे मान्य केलं होतं. दीड वाजता फोन उचलून त्यांनी जे सांगितलं ते टाळाटाळ समजू नका. त्यांना माहीत होतं की मुलीजवळ कोण आहे.

या कामाला अमेरिकेत वेगळं नाव आहे. हॉस्पिटलिस्ट हा शब्द १९९६ साली वॉक्टर आणि गोल्डमन यांनी एका लेखात वापरला, मोठ्यांच्या डॉक्टरांसाठी. पुढे मुलांच्या बाबतीत ती तिथे स्वतंत्र शाखाच झाली, तिची पहिली परीक्षा २०१९ मध्ये झाली. आपल्याकडे आम्ही एमडी, डीएनबी किंवा डीसीएच केलेले साधे बालरोगतज्ज्ञच. पाटीवर 'फुल टाइम कन्सल्टंट' लिहितात, लोक 'ड्युटीवाली मॅडम' म्हणतात. पुष्कळदा आरएमओ समजतात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण नातेवाईक आम्हाला आरएमओ समजले की महत्त्वाची गोष्ट सांगायला सकाळच्या 'मोठ्या डॉक्टरांची' वाट बघत बसतात.

दिवसभर काय करतो तेही सांगते. सकाळी आठला रात्रीच्या डॉक्टरकडून वॉर्ड ताब्यात घ्यायचा. हे तोंडी उरकायचं काम नाही. कोणतं मूल किती आजारी, काय बाकी आहे, काय झालं तर काय करायचं, हे लिहून आणि पुन्हा बोलून घ्यायचं. अमेरिका-कॅनडातल्या ९ ठिकाणच्या बालविभागांनी अशी ठरीव पद्धत लावून पाहिली, २०१४ साली ते प्रसिद्ध झालं. चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. मग राउंड. प्रत्येक औषध वजनावर पुन्हा मोजायचं. मोठ्यांना एक गोळी असते, मुलांना किलोमागे मिलिग्रॅम, दशांश चिन्ह एक घर सरकलं की दहापट डोस. हाड मोडलेलं किंवा अपेंडिक्सचं मूल सर्जनच्या नावावर असतं, पण त्याचं सलाईन, दुखण्याचं औषध, रात्रीचा ताप आमच्याकडे येतो. आणि औषध बंद करणं हेही कामच आहे. कल्चर निगेटिव्ह आलं, म्हणजे तपासणीत जंतू वाढले नाहीत, मूल छान खेळतंय, तर अँटिबायोटिक थांबवायचं, सुई काढायची, घरी पाठवायचं. उगाच एक रात्रही ठेवायचं नाही.

मागच्या पावसाळ्यात सात महिन्यांचं बाळ होतं, ब्राँकिओलायटिस, म्हणजे फुफ्फुसातल्या बारीक श्वासनळ्यांना सूज. या आजारात औषध फारसं नसतंच. नाक साफ करणं, ऑक्सिजन, पोटात दूध जाईल याची काळजी. संध्याकाळी मॉनिटरवर ऑक्सिजन ९४, सगळं ठीक. आई म्हणाली, मॅडम, हा प्यायला लागतो आणि लगेच सोडतो, दुपारी असं नव्हतं. एवढंच. मी पाळण्याशी दहा मिनिटं बसले. श्वास ५८ वरून ७२ वर गेला होता, नाकपुड्या फुलत होत्या. दूध थांबवलं, सलाईन लावलं, जोराच्या ऑक्सिजनवर घेतलं, आयसीयूला आधीच कळवून ठेवलं. व्हेंटिलेटर लागला नाही. मॉनिटरच्या आधी त्या आईने ओळखलं, आणि तिला सांगायला समोर कुणीतरी होतं. तुमच्या मॅडमनी चिठ्ठी वाचूनही तुमच्या तोंडून ऐकायचं म्हटलं, ते यासाठी.

एका गोष्टीत मात्र तुमचं चिडणं मला पटतं. दीड वाजता टोचण्याआधी दोन वाक्यांत हे समजावायला हवं होतं. आम्ही रात्री घाईत असतो आणि आकडा बोलून मोकळे होतो. आईला आकड्याचं काय करायचं?

नौपाड्यातला दवाखाना:

मी दुसऱ्या बाजूचा. तीस वर्षं मुलांचा दवाखाना चालवतो. सकाळी दहा ते दोन, संध्याकाळी साडेपाच ते नऊ. पूर्वी तीन नर्सिंग होमना स्कूटरवरून चकरा मारायचो, रात्री दोनदा उठायचो. तेव्हाही मूल दिवसाचे तेवीस तास माझ्या नजरेआड असायचं, हे आज कबूल करतो.

आता मूल पाठवताना मी फोन करतो आणि हाताने लिहून देतो. जन्माचं वजन, कोणती लस राहिली, कोणत्या औषधाने अंगावर उठलं होतं, आधी झटका आला होता का, घरात कोण आहे, आई घाबरट आहे की दुखणं लपवणारी. हे हॉस्पिटलच्या डॉक्टरला पहिल्या तासात कळणं शक्य नसतं. तिथे गेल्यावर मात्र मी सलाईनचा वेग बदलत नाही. दोघांनी दोन आदेश दिले की सिस्टरने कोणाचं ऐकायचं? मतभेद असला तर मी त्यांना बाजूला घेऊन बोलतो, नातेवाईकांसमोर नाही.

ताई, तुमच्या यजमानांचा व्हिजिटच्या पैशांचा प्रश्न रास्त आहे. दाखल करतानाच विचारून घ्यावं की दोघांची व्हिजिट लागणार का आणि दिवसाला किती. मी स्वतः भेटायला जातो तेव्हा सगळीकडे पैसे लावत नाही, पण हे ज्याचं त्याने ठरवायचं.

वॉर्ड सिस्टर:

सरकारी रुग्णालयात लहान मुलांच्या वॉर्डात १७ वर्षं काढलीत. आमच्याकडे 'आमचे डॉक्टर' हा प्रकारच नाही. ज्या युनिटची इमर्जन्सी असेल त्या युनिटमध्ये मूल दाखल होतं. रेसिडेंट डॉक्टर चोवीस तास वॉर्डात, वर लेक्चरर, त्यांच्या वर युनिटचे मोठे सर. डॉक्टर असतात, पण एका बेडवर दोन मुलं आली की कोणाकडेच उभं राहायला वेळ नसतो. खासगीत जागा असते पण रात्री माणूस नसतो, असं ऐकून आहे.

हॉस्पिटल निवडायचं विचारलंत म्हणून माझी एक भर. बालरोगतज्ज्ञ असतोच असं सांगितलं तरी सिस्टरही विचारा. लहान मुलांच्या कामाची सवय असलेली सिस्टर रात्री आहे का? बाळाची शीर सापडणं, पंपावर वेग बरोबर लावणं, लघवीचा डायपर वजन करून चार्टवर लिहिणं, आम्ही हे केलं नाही तर डॉक्टर दीड वाजता येऊन बघणार काय? आणि तुम्ही स्वतः कागदावर लिहीत जा, किती वाजता काय प्याली, किती वाजता शू झाली. आम्हाला त्याचा खरंच उपयोग होतो.

घणसोलीकरीण:

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रपाळी मॅडम, तुमचं उत्तर मी नणंदेला फोनवर वाचून दाखवलं. ती गप्प झाली आणि मग म्हणाली, त्या पोरीला साधं थँक्यू तरी म्हणालीस का. नाही म्हणाले. डिस्चार्जच्या दिवशी त्या ड्युटीवर नव्हत्या. काल ऑफिसवरून येताना वाशीला उतरले आणि वॉर्डात गेले. त्या दुसऱ्या एका बाळापाशी होत्या, हात मोकळे नव्हते. मी दारातूनच नमस्कार केला. त्यांनी आधी विचारलं, जेवते का नीट?

धाकट्यासाठी आणखी एक सांगा. श्वास जोरात चालतोय हे घरी कसं ओळखायचं? आणि मुलीच्या पायांवर आज लाल पुरळ आलंय, मध्ये मध्ये पांढरे गोल ठिपके, खूप खाजवते. ताप नाही. डिस्चार्ज कार्डवर याबद्दल काही लिहिलेलं नाही.

रात्रपाळी:

बाळ झोपलेलं किंवा शांत असताना अंगावरचा कपडा वर करून पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. पंधरा सेकंदांना चारने गुणू नका, बाळांचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा त्याहून जास्त आले तर तो जलद. एक ते पाच वर्षांत ४०. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, कण्हत असेल किंवा पिणं सोडलं असेल तर मोजत बसू नका, निघा. जुईनगरला इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचं कार्यालय आहे ना, त्या संघटनेच्या संकेतस्थळावर पालकांसाठी लिहिलेली माहितीही आहे, सवडीने बघा.

पुरळाबद्दल. लाल पुरळात पांढरी बेटं आणि खाज, हे डेंग्यू बरा होताना पुष्कळ मुलांना होतं आणि काही दिवसांत जातं. नखं कापा, सुती कपडे घाला. दुखलं-खुपलं तर पॅरासिटामॉलच, आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन नको. पण मी फक्त वर्णन वाचलंय, पाय पाहिलेले नाहीत. उद्या सकाळी डिस्चार्ज कार्ड घेऊन कोपरखैरण्याला तुमच्या डॉक्टरांकडे जा, त्यांना दाखवा. प्लेटलेट परत कधी तपासायच्या तेही तेच सांगतील.